‘बावळट’ शब्दाचें कूळ

हातांतला पेला निसटून पाणी सांडलें, पाटावरून उठतांना ताटाला पाय लागला, किंवा पाहुण्यांनीं नांव विचारल्यावर पोर नुसतेंच तोंडाकडे पाहत राहिलें, कीं आपल्या घरांत जो शब्द सहज ऐकूं येतो तो म्हणजे ‘बावळट’. तो उच्चारतांना कोणाच्या मनांत फारसें वाईट नसतें व ऐकणाराहि तो फारसा मनाला लावून घेत नाहीं. ‘मूर्ख’ म्हटलें तर राग येतो, ‘वेडा’ म्हटलें तर प्रसंगीं लाडहि वाटतो; ‘बावळट’ हा या दोहोंच्या मधला, घरगुती व निरुपद्रवी असा शब्द. सदऱ्याचीं बटणें वरखालीं लागलेलीं असणें, बोलतांना अडखळणें, मंडईंतून फसून येणें, एवढ्या भांडवलावर कोणालाहि ही पदवी मिळूं शकते. परंतु याच शब्दाचें मूळ शोधीत मागें मागें गेलें तर आपण वैद्याच्या ओसरीवर जाऊन पोंचतों, आणि तेथें हा शब्द थट्टेचा नसून एका दारुण रोगाचा आहे असें दिसून येतें.

प्रथम या शब्दाचीं भावंडें पाहूं. हिंदींत बावला, बावरा, बौरा; राजस्थानांत बावळो आणि बावळी; बंगालींत बाउल. प्रांत निराळे, उच्चार निराळे, पण मूळ अर्थ सगळीकडे एकच : वेडा. या सर्वांचा मूळपुरुष म्हणजे संस्कृत ‘वातुल’ अथवा ‘वातूल’ हा शब्द होय. वात म्हणजे वारा हें सांगावयास नको. व्याकरणशास्त्रांत ‘वातूल’ शब्दाची जी फोड दिली आहे ती मात्र मोठी मौजेची आहे. ‘वात’ या शब्दाला एक विशेष प्रत्यय लागून दोन अर्थ उत्पन्न होतात. वाऱ्यांचा समूह, म्हणजे वावटळ, हा एक, आणि वारा ज्याला सोसवत नाहीं तो, हा दुसरा. अमरसिंहानेंहि आपल्या कोशांत हेच दोन अर्थ सांगितले आहेत. वावटळ आणि त्या वावटळीपुढें टिकाव न धरणारा माणूस, या दोघांना भाषेनें एकच नांव दिलें आहे. ‘मोहमुद्गर’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें व शंकराचार्यांच्या नांवावर चालत आलेलें स्तोत्र आपल्यापैकीं पुष्कळांना पाठ असेल. त्यांत बायकोच्या व पैशाच्या काळजींत बुडालेल्या माणसाला जी हांक मारली आहे ती ‘वातुल’ अशीच आहे. म्हणतांना आपण ती झरझर म्हणून जातों. तिचा सरळ मराठी अर्थ ‘अरे बावळ्या’ असाच होतो.

वातुलाचा बावळा कसा झाला, हें समजण्यास फारसें पांडित्य नको. प्राकृत भाषांत दोन स्वरांच्या मध्यें सांपडलेला ‘त’ बहुधा गळून पडतो. भ्रात्याचा भाऊ झाला, घाताचा घाव झाला, तसाच वातुलाचा ‘वाउल’ झाला. पुढें स्वरांमध्यें एकटा पडलेला ‘ल’ मराठींत ‘ळ’ होतो. फल–फळ, काल–काळ, कमल–कमळ हीं उदाहरणें सर्वांच्या तोंडीं आहेत. येथपर्यंत सारें नियमांत बसतें. परंतु एक अडचण राहतेच. आरंभींचा ‘व’ मराठी सहसा सोडीत नाहीं. हिंदी भाषिक बीस, बाघ, बेल, बाट म्हणतो; आपण वीस, वाघ, वेल, वाट असेंच म्हणतों. या न्यायानें आपला शब्द ‘वावळा’ व्हावयास पाहिजे होता. तो ‘बावळा’ झाला यावरून, आमच्या मतें, हा शब्द आपल्याकडे उत्तरेकडून चालत आलेला पाहुणा असावा. ‘ळ’ पाहून कोणी शंका घेईल, तर तो राजस्थानी बोलींतहि आहे हें ध्यानांत ठेवावें. पाहुणा घरांत इतका मुरला आहे कीं त्याचा परकेपणा आतां केवळ पहिल्या अक्षरावरून ओळखूं यावा.

आतां वाऱ्याचा आणि वेडाचा संबंध काय? आयुर्वेदांत वायु म्हणजे केवळ पोटांतला गुबारा नव्हे. शरीरांत जी जी हालचाल आहे तिचा चालक वायु, आणि मनाला प्रवृत्त करणारा व आवरणाराहि वायुच, असें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां हा सारथीच बिघडला म्हणजे रथ कोठें जाईल याचा नेम नाहीं. वेडाला चरकानें ‘उन्माद’ असें नांव दिलें असून त्याची जी व्याख्या केली आहे ती आजच्या वैद्यालाहि विचार करावयास लावील. मन, बुद्धि, संज्ञा व ज्ञान, स्मृति, आवडनिवड, स्वभाव, हालचाल आणि आचार, या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद. नुसती बुद्धि गेली म्हणजे वेड, असें त्यानें म्हटलेलें नाहीं; कालपर्यंत ज्याला जें आवडत होतें तें आज आवडेनासें झालें, ज्याचा स्वभाव सौम्य होता तो तिरसट झाला, हेंहि त्यानें रोगाच्या लक्षणांत धरलें आहे.

उन्मादाचे चरकानें पांच प्रकार केले : वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोष मिळून झालेला, आणि बाहेरून आलेला. सुश्रुतानें सहा मानले, व त्यांत मनाच्या दुःखानें होणाऱ्या उन्मादाला स्वतंत्र स्थान दिलें. पैकीं वाताच्या उन्मादाचें वर्णन आपल्या शब्दाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. असा रोगी कारण नसतां हंसतो, भलत्या ठिकाणीं नाचतो, गातो, बडबडतो, हातवारे करतो, एकाएकीं रडूं लागतो. त्याचें शरीर रुक्ष आणि कृश होतें, व अन्न पचून पोट रिकामें झालें म्हणजे विकार बळावतो. हा मूळचा वातुल, आपल्या बावळ्याचा खापरपणजोबा. सांडलेल्या पाण्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं.

या रोगाचीं कारणें सांगतांना चरक म्हणतो त्याचा आशय असा : कोरडें, थंड आणि अपुरें अन्न, उपास, शरीराची झीज यांनीं वायु वाढतो, आणि आधींच चिंतेनें पोखरलेल्या हृदयाला तो बिघडवितो. हें वाचलें कीं मागल्या पिढ्यांतल्या आपल्याच घरांतली एक व्यक्ति डोळ्यांपुढें उभी राहते. एक वेळ जेवण, आठवड्याचे उपास, सर्वांची पानें झाल्यावर उरलेलें गार अन्न, आणि चोवीस तास पाठीशीं असलेली काळजी. आलवण नेसलेल्या त्या स्त्रीच्या दिनचर्येंत चरकानें सांगितलेल्या कारणांपैकीं कोणतें कारण नव्हतें? अशी एखादी आत्या किंवा काकू कोपऱ्यांत बसून स्वतःशींच पुटपुटूं लागली म्हणजे ‘जरा बावळीच आहे’ असें म्हणून घर मोकळें होत असे. तिला तें नांव देणारांना आपण किती अचूक निदान करीत आहों याची कल्पनाहि नव्हती. आजचें मानसवैद्यक वात-पित्त-कफांच्या भाषेंत बोलत नाहीं. आनुवंशिक कल, मेंदूंतील रासायनिक व्यवहार आणि आयुष्यांतले आघात यांच्या भाषेंत बोलतें. परंतु उपासमार आणि सततची चिंता यांनीं मन खचतें, हें सांगण्यासाठीं नव्या शास्त्राची वाट पाहण्याचें कारण नव्हतें.

वाऱ्याची ही कल्पना आपल्या बोलण्यांत किती खोल रुतली आहे पाहा. तापाच्या भरांत माणूस असंबद्ध बोलूं लागला म्हणजे ‘त्याला वात झाला’, ‘तो वातांत बरळतो’ असें आपण म्हणतों. पोरांनीं सतावून सोडलें कीं आई कपाळाला हात लावून म्हणते, ‘काय रे, वात आणलात अगदीं!’ देवीचा संचार झाला तर ‘अंगांत वारें आलें’. शिंगें उगारीत उधळणारें वासरूं ‘वारा प्यालेलें’. म्हाताऱ्या माणसाचा ‘चळ’ हाहि ‘चल’ धातूचाच, म्हणजे चालण्याहालण्याचाच प्रकार. मन जागेवरून हललें, हीच कल्पना सर्वत्र आहे.

परंतु मराठींत वेडाला दुसरा एक शब्द आहे, आणि त्याचा जन्म वाऱ्यांतून नव्हे तर भुतांतून झाला आहे. तो शब्द म्हणजे ‘पिसें’. ‘पिसा’ हें ‘पिशाच’ याचेंच प्राकृतांतून आलेलें रूप. बावळ्याला वारा बाधला, पिशाला पिशाच बाधलें. वरवर पाहतां दोन्ही शब्दांचा अर्थ एक. पण ज्या घरांत पहिली समजूत असेल तेथें वैद्याला बोलावणें जाईल, व जेथें दुसरी असेल तेथें मांत्रिकाला. हा झगडा फार जुना आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत वेड्याच्या मुक्ततेसाठीं एक सूक्त आहे. त्यांत देवांच्या अपराधानें आलेलें वेड आणि राक्षसामुळें आलेलें वेड असा भेद केलेला असून, वेड उतरावें म्हणून औषध करण्याचीहि भाषा आहे. चरकानेंहि ‘बाहेरून आलेला’ हा पांचवा प्रकार ठेवून भुतांना थोडी जागा दिली. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें एक गोष्ट निक्षून सांगितली आहे कीं, जो स्वतःच्या कर्मानें आधींच दूषित झालेला नाहीं त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस कोणीहि पीडा देऊं शकत नाहीं. तेव्हां उगाच त्यांना दोष देऊं नये. दोन हजार वर्षांपूर्वींच्या वैद्यानें हें लिहावें आणि आज शिकलेल्या घरांतून अमावास्येला लिंबूमिरच्या उतरून टाकाव्या, यांतला विरोध वाचकांनींच पाहावा.

मात्र चरकाची बाजू घेतांना सारें सोज्ज्वळच सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जुनें तूप, औषधी घृतें, स्नेहन, मित्रांनीं केलेलें सांत्वन, नष्ट झालेल्या प्रिय वस्तूसारखी दुसरी वस्तु देणें, अशा सौम्य उपायांबरोबरच रोग्याला कोंडणें, चाबकानें मारणें, दांत काढलेल्या सापानें किंवा शिकवलेल्या सिंहानें व हत्तीनें भेवडावणें, राजपुरुषांकडून दटावणें, हेहि उपाय त्यानें सांगितले आहेत. भीतीच्या धक्क्यानें मन जागेवर येईल अशी त्यामागची समजूत. चाबूक आणि साखळी या गोष्टी युरोपांतल्या इस्पितळांतहि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालत होत्या, हें खरें. पण त्यामुळें आपल्याकडचा चाबूक मऊ होत नाहीं.

वैद्याच्या ओसरीवरून हा शब्द पुढें देवळाच्या ओसरीवर गेला, आणि तेथें त्याचें भाग्य एकदम उजळलें. सोळाव्या शतकांत बंगालमध्यें चैतन्यप्रभु भक्तीच्या आवेशांत देहभान विसरत, हंसत, रडत, नाचत. वाताच्या उन्मादाचें चरकानें केलेलें वर्णन शेजारीं ठेवलें तर बाह्य लक्षणांत फारसा फरक दिसणार नाहीं. कृष्णदास कविराजाच्या ‘चैतन्यचरितामृत’ ग्रंथांत अद्वैत आचार्यांनीं चैतन्यांना पाठविलेला एक गूढ निरोप आहे. त्यांत ‘बाउल’ हा शब्द पुनःपुन्हां येतो व तो वेडा अशाच अर्थानें. पुढें याच नांवाचा एक पंथच बंगालमध्यें उभा राहिला. एकतारी घेऊन गांवोगांव गाणारे, जातपात न मानणारे, हिंदु आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतून आलेले हे बाउल. त्यांच्या नांवाची व्युत्पत्ति कोणी ‘व्याकुल’ शब्दापासूनहि लावतात. ईश्वरासाठीं व्याकुळ झालेला हा अर्थ गोड आहे खरा, परंतु वातुलाची वाट आम्हांला अधिक सरळ वाटते. या पंथांतला सर्वांत प्रसिद्ध गायक लालन फकीर 1890 सालीं वारला. रवींद्रनाथांनीं त्याचीं गाणीं मिळवून 1915 सालीं ‘प्रवासी’ मासिकांत छापविलीं, आणि 2005 सालीं युनेस्कोनें बाउलांच्या गाण्यांना मानवजातीच्या मौखिक वारशांत मानाचें स्थान दिलें. ज्या शब्दानें आपण पोराला हिणवतों त्याच शब्दाला जगाच्या सभेंत असें आसन मिळालेलें आहे.

हिंदी मुलुखांतहि तसेंच. मीरेच्या नांवावर चालणाऱ्या पदांतून बावरी होणें ही निंदा नाहीं, भूषण आहे. 1952 सालचा ‘बैजू बावरा’ हा चित्रपट पाहिलेलीं वडील माणसें अजून घरोघर असतील. त्यांतील गायनाच्या सामन्यांत अमीर खांसाहेबांच्या जोडीला ज्यांचा आवाज आहे ते आपले दत्तात्रेय विष्णु पलुसकर. त्या नांवांतला ‘बावरा’ आणि मराठी ‘बावळा’ हे सख्खे भाऊ आहेत, हें पडद्याकडे पाहतांना कितीजणांच्या ध्यानांत आलें असेल?

महाराष्ट्रांत देवाच्या वेड्यांची वाण नव्हती. परंतु आपल्या संतांनीं जवळ केले ते शब्द वेड आणि पिसें हे. तेराव्या शतकांत ऋद्धिपूर येथें राहणारे गोविंदप्रभु, ज्यांना चक्रधरस्वामींनीं गुरु मानलें, त्यांना गांवचे लोक उघडउघड वेडे म्हणत. कोणाच्याहि घरांत शिरावें, हवें तें उचलून खावें, देवळांतल्या मूर्तींशीं खेळावें, सोंवळेंओवळें कांहीं मानूं नये, असा त्यांचा क्रम असे. म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी जमवून ठेवल्या म्हणून आज आपल्याला त्या ठाऊक आहेत. त्या वाचतांना गोविंदप्रभूंच्या थोरवीइतकेंच ऋद्धिपूरच्या गांवकऱ्यांविषयींहि कौतुक वाटतें. आपल्या चुलीपाशीं येऊन बसणाऱ्या या पुरुषाला त्यांनीं कोंडलें नाहीं, कीं हांकलून दिलें नाहीं. ‘बालोन्मत्तपिशाचवत्’ ही अवधूताची अवस्था आपण ग्रंथांतून श्रद्धेनें वाचतों. ती प्रत्यक्ष दारांत उभी राहिली तर आपण काय करूं, हा प्रश्न निराळा.

मराठी ‘बावळा’ मात्र या उंचीवर चढला नाहीं, तो खालीं उतरला. रोगाचा अर्थ गेला आणि गबाळेपणाचा तेवढा राहिला. ‘बावळी मुद्रा, देवळी निद्रा’ या म्हणींत तर तो अशा माणसाला लावला आहे कीं जो दिसावयास भोळा पण व्यवहारांत पक्का आहे. म्हणजे वेडाचा अंशहि उरला नाहीं. शेवटीं त्याला ‘ट’ चिकटला. मळकट, तेलकट, खुळचट या शब्दांच्या शेवटीं बसलेला हा ‘ट’ जेथें जातो तेथें थोडी नापसंती घेऊन जातो. असा हा बावळट : निम्मा वैद्यकाचा, निम्मा कुचेष्टेचा. या बाबतींत त्याला एकट्याला दोष देतां येणार नाहीं. वेडाला दिलेला कोणताहि शब्द फार दिवस स्वच्छ राहत नाहीं. रोगासाठीं नवें नांव योजावें, पांचपंचवीस वर्षांत त्याची शिवी व्हावी, मग आणखी नवें शोधावें, असा हा क्रम आहे. शब्दच कशाला, गांवेंहि सुटलीं नाहींत. ठाणें, येरवडें, नागपूर आणि रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. ‘याला आतां ठाण्याला पाठवा’ असें म्हणणाऱ्या मुंबईकराच्या मनांत तलावांचें शहर नसतें.

कायद्यालाहि हीच अडचण पडली. इंग्रजी अमदानींत 1912 सालीं झालेल्या कायद्याचें नांव ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’. ‘ल्यूना’ म्हणजे लॅटिनमध्यें चंद्र. चंद्राच्या कलांबरोबर वेड वाढतें-उतरतें अशा समजुतींतून ‘ल्युनॅटिक’ शब्द निघाला. आपल्याकडे वारा, त्यांच्याकडे चंद्र. इंग्लंडनें 1930 सालीं हा शब्द आपल्या कायद्यांतून बाजूला सारला, अमेरिकेच्या संघीय कायद्यांतून तो 2012 सालीं गेला. आपल्याकडे 1912 चा कायदा जाऊन 1987 चा आला व तो 1993 पासून अंमलांत आला; त्याचीहि जागा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें घेतली असून तो मे 2018 पासून चालूं आहे.

हा शब्दांचा खेळ केवळ पंडितांचा नव्हे. त्यावर घरेंदारें अवलंबून होतीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वारशांतून ज्यांना वगळलें आहे त्यांत जन्मांध, बहिरा व मुका यांच्या पंक्तीला उन्मत्तहि बसविला आहे. लागलीच पुढच्या श्लोकांत मात्र अशांना जन्मभर अन्नवस्त्र दिलेंच पाहिजे, न देणारा पतित होतो, असें बजावलें आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याहून एक पाऊल पुढें टाकलें; वांटणी झाल्यानंतरहि औषधानें दोष दूर झाला तर त्याला त्याचा वांटा मिळालाच पाहिजे, असें तो म्हणतो. वेड हा बरा होऊं शकणारा विकार आहे, हें येथें एका धर्मशास्त्रकारानें गृहीत धरलें आहे. 1928 च्या कायद्यानें जन्मतः वेडा किंवा जडबुद्धि असलेल्याखेरीज इतर रोग्यांचा वारसा राखला, आणि 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें रोगामुळें कोणाचाहि वारसा जाणार नाहीं असें ठरविलें. विवाहाच्या बाबतींत 1955 च्या कायद्यांत वधूवरांपैकीं कोणी ‘ल्युनॅटिक’ नसावा अशी अट होती. 1976 सालीं तो शब्द जाऊन संमति देण्याची पात्रता, विकाराचें स्वरूप व त्याचें मान यांचा विचार आला. त्याच दुरुस्तींत घातलेला अपस्माराचा, म्हणजे फेंफऱ्याचा, उल्लेख 1999 सालीं काढून टाकण्यांत आला.

2017 च्या कायद्यांतील एक कलम तर प्रत्येक घरानें वाचावें असें आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे असें ठरलें, एवढ्यावरूनच तो विकल मनाचा आहे असें मानावयाचें नाहीं. तसें ठरविण्याचा अधिकार केवळ योग्य त्या न्यायालयाचा आहे. आजार वेगळा आणि माणसाच्या शहाणपणावर मारलेला कायमचा शिक्का वेगळा, हा भेद कायद्यानें प्रथमच इतक्या स्वच्छ शब्दांत केला.

घरांतून मात्र हा भेद अजून उतरलेला नाहीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतला मुलगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत असतां रात्र रात्र जागूं लागला. मित्र आपल्याविरुद्ध कट करतात असें त्याला वाटूं लागलें. आंघोळ सुटली, पुस्तकें सुटलीं. घरीं आई, वडील, आजी, सर्व शिकलेलीं; पण ‘पहिल्यापासून जरा बावळाच आहे तो’ या एका वाक्यावर दोन वर्षें गेलीं. त्या शब्दानें त्याला घरांत सांभाळलें हेंहि नाकारतां येत नाहीं. ‘वेडा’ म्हटलें असतें तर शेजारी बिचकले असते. बावळा म्हटल्यामुळें त्याचें पान सर्वांच्या पंगतींत राहिलें, आजीनें त्याच्या भातावर तूप वाढणें सोडलें नाहीं. औषध मात्र दोन वर्षें उशिरां सुरू झालें. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेल्यावर सहा-आठ महिन्यांत झोप परत आली, भीति ओसरली. इंजिनियर तो झाला नाहीं. मामांच्या छापखान्यांत हिशेब पाहतो, आणि रात्रीं नऊ वाजतां न चुकतां गोळी घेतो.

गेल्या वर्षीं त्याच्या बहिणीचें लग्न ठरत होतें. मुलाकडील मंडळी घर पाहण्यास आलीं असतां नेहमींचा प्रश्न निघाला, घराण्यांत कोणाला कांहीं आजार? आईनें नवऱ्याकडे पाहिलें, सासूकडे पाहिलें, आणि मुलाचें दुखणें, त्याचें नांव, चालूं असलेलें औषध, सारें सरळ सांगून टाकलें. सासूबाई मध्येंच म्हणाल्या, ‘अहो, वेडा नाहीं हो, बावळा आहे जरासा.’ क्षणभर कोणी बोलेना. मग मुलाच्या आजीबाईंनीं चहाची कपबशी खालीं ठेवली व त्या हळूच म्हणाल्या, ‘आमच्याकडे एक काकू होत्या. माडीवरच्या खोलींत असायच्या. आम्ही सारीं त्यांना बावळी काकूच म्हणत असूं.’